हळूमास्तरांचा उजवा पाय

अर्ध्या गावाला रस्त्यावर आणणारा माणूस, अशी ओळख करून दिली तर नवखा माणूस घाबरेल. पण गावात हा विनोद इतका शिळा झाला होता की त्यावर आता फक्त हळूमास्तर स्वतःच हसत. त्यांची गाडी शिकवण्याची शाळा होती. शाळा म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता आणि दाराशी उभी असलेली, जागोजागी पोचे आलेली पांढरी गाडी. मास्तर मात्र शाळेबद्दल असं बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, मागे कुठेतरी वसतिगृहही असेल.

गाडी साधी नव्हती. शिकणाऱ्याच्या पायाशी असतात तशीच क्लच आणि ब्रेकची पेडलं शेजारी, मास्तरांच्या पायाशीही होती. दोन्हीकडची पेडलं खालून जोडलेली. मास्तरांनी इकडे ब्रेक दाबला की तिकडे शिकणाऱ्याचंही पेडल आपसूक खाली जाई. तशी वेळ क्वचितच येई, कारण पाय हलण्याआधी मास्तरांचं तोंड हललेलं असे. "हळू! हळू! अहो हळू! ब्रेक, ब्रेक, ब्रेक!" आवाज असा की शेजारून जाणारा सायकलवालाही ब्रेक दाबून उतरायचा. या हळूवरूनच नाव पडलं होतं. मास्तर ओरडत, खेकसत, कपाळावर हात मारत, "तुम्हाला गाडी कुणी दिली?" असं विचारत, आणि गाडी आपणच दिली आहे हे आठवल्यावर आणखी चिडत. पण त्यांच्याकडून शिकलेला माणूस परीक्षेत नापास होत नसे. परीक्षक गप्प बसला तरी उमेदवाराच्या कानात मास्तर ओरडतच असत.

सगळ्या गावाला शिकवलं, फक्त बायकोला नाही. ती दवाखान्यात नर्स होती. गाव तिला सिस्टर म्हणे, आपणही तेच म्हणू. लग्न नवं असताना एकदा मास्तरांनी तिला शिकवायला घेतलं होतं. गाडी पहिल्या वळणापर्यंत गेली. तेवढ्यात मास्तर जे काही बोलले ते सिस्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं, गाडी बंद केली, किल्ली काढून पर्समध्ये टाकली आणि त्या चालत घरी गेल्या. मास्तरांना गाडी ढकलत आणावी लागली. त्यानंतर घरात हा विषय बंद होता.

मास्तरांच्या आयुष्यात अध्यात्म आलं ते मागच्या सीटवरून. गावातले दाताचे डॉक्टर त्यांच्याकडे शिकले, पास झाले, आणि आनंदाच्या भरात एक पुस्तक गाडीत विसरून गेले. मुखपृष्ठावर मेणबत्ती. मास्तर ते परत द्यायला त्यांच्या दवाखान्यात गेले तर आत ड्रिल सुरू. बाहेरच्या बाकावर बसून त्यांनी सहज पुस्तक उघडलं. पहिलाच प्रश्न होता, आत्ता, या क्षणी, तुमचं लक्ष कुठे आहे? मास्तरांचं लक्ष अर्थातच त्या ड्रिलकडे होतं. पुस्तक पुढे म्हणत होतं की माणूस जन्मभर झोपेत चालतो, झोपेत बोलतो, झोपेत चिडतो, आणि स्वतःला जागा समजतो. जो स्वतःकडे बघायला शिकला तोच जागा झाला. मास्तरांच्या अंगावर काटा आला. त्यांना वाटलं हे आपल्याबद्दलच लिहिलंय. असं त्या पुस्तकाच्या प्रत्येक वाचकाला वाटत असणार, पण मास्तरांना ते कोण सांगणार? पुस्तक डॉक्टरांनी मागितलं नाही, मास्तरांनी दिलं नाही.

मग जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एकेक येऊ लागलं. एकावर गुळगुळीत गोटे रचलेले, एकावर मोठा डोळा, एकावर पाठमोरा माणूस डोंगराकडे बघत बसलेला. नावं कुणाच्या लक्षात राहत नसत, म्हणून घरात त्यांना मेणबत्तीवालं, गोट्यांवालं, डोळेवालं असंच म्हणायचे. सगळ्यांत तेच लिहिलेलं होतं. स्वतःकडे बघा, या क्षणात राहा, आतून बदला.

"सगळ्यांचं एकमत आहे बघ!" मास्तर भारावून म्हणाले.

"मग एकच पुरलं असतं की," सिस्टर म्हणाल्या.

घरात गंमत सुरू झाली. मास्तर जेवताना एकेक घास इतक्या जाणीवपूर्वक चावू लागले की बाकीच्यांची भांडी घासून व्हायची तरी त्यांचं ताट अर्धंच. त्यांनी घड्याळात गजर लावला. तो दर तासाला वाजला की हातातलं काम थांबवून मनात म्हणायचं, मी इथे आहे. एकदा तो आंघोळ करताना वाजला आणि मास्तर साबणाच्या फेसात इतका वेळ उपस्थित राहिले की पाणी गेलं. रागाबद्दल तर डोळेवाल्या पुस्तकाचं म्हणणं फारच बारीक होतं. मी रागावलो असं म्हणायचं नाही. राग वेगळा, आपण वेगळे. तो आला की त्याच्याकडे नुसतं बघायचं. कॉलेजात जाणारी लेक एकदा ओल्या छत्रीसकट सोफ्यावर बसली, तेव्हा मास्तरांनी डोळे मिटून घोषणा केली, "आत एक राग आलेला आहे."

"त्याला बसायला सांगा," सिस्टर स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "चहा टाकलाच आहे."

हसावं तेवढं थोडं, पण एक गोष्ट खरी होती. मास्तर ओरडायचे थांबले. गाडीत बसले की पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर, लक्ष श्वासावर. किराणावाल्या काकू तेव्हा त्यांच्याकडे शिकत होत्या. पहिल्याच चौकात त्यांनी सिग्नलकडे न बघता गाडी पुढे काढली, आणि मास्तर नुसतं "श्वास आत येतोय" एवढंच म्हणाले. काकूंना दरदरून घाम फुटला. "मास्तर, तब्येत बरी आहे ना? कुणी डॉक्टर-बिक्टर काही बोलले का?" असं त्यांनी तीनतीनदा विचारलं. गाडी तेवढ्यात बेताने थांबलेली होती. कशी थांबली हे काकूंनी विचारलं नाही. आपणच थांबवली असं त्यांना वाटलं.

सिस्टर हे सगळं बघत होत्या. बाहेरून चेष्टा करत होत्या, पण आतून त्यांना खरंच बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत घर पहिल्यांदाच असं शांत झालं होतं. आणि नेमकी तेव्हाच एका व्हॅनची बातमी आली. डोंगरापलीकडच्या वस्त्यांमध्ये जायला दवाखान्याला एक छोटी व्हॅन मिळणार होती. नर्सनेच ती चालवायची, वस्तीवस्तीवर जायचं, लहान मुलांना लशी टोचायच्या, बाळंतिणींना बघायचं. त्या वस्त्यांमधून पाठीवर पोर बांधून घाट उतरून आलेल्या बायका सिस्टर वर्षानुवर्षं बघत आल्या होत्या. कित्येकदा त्या उशिरा पोचत. हे काम आपल्याला मिळावं असं सिस्टरांना इतकं वाटत होतं की त्या घरी त्याबद्दल बोलतही नव्हत्या. मोठ्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "व्हॅन यायच्या आत लायसन आणा, काम तुमचं. नाहीतर दुसरीला द्यावं लागेल." दुसरी म्हणजे औषधांच्या खोलीतली नवी नर्स. तिच्याकडे लायसन होतं, पण वस्त्या कुठल्या दिशेला आहेत हेही तिला माहीत नव्हतं.

एका संध्याकाळी सिस्टर मास्तरांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "अहो, मला गाडी शिकवता का?"

मास्तरांनी गोट्यांवाल्या पुस्तकातून डोकं वर काढलं.

"आता तुम्ही ओरडत नाही, म्हणून विचारते," सिस्टर म्हणाल्या. "नाहीतर आयुष्यात विचारलं नसतं."

एवढ्या पुस्तकांचं सार्थक झालं असं त्यांना वाटलं. ते "शिकवीन" म्हणण्याच्या घाईत "शिकीन" म्हणाले, आणि सिस्टरांनी तेही गोड मानून घेतलं.

ते शिकवणं म्हणजे दृष्ट लागण्यासारखं होतं. नवरा शेजारी शांत बसलेला, खिडकीतून वारा येतोय, सिस्टर गिअर टाकताहेत. चुकल्या तरी आरडाओरडा नाही. बसच्या मागे गाडी फार जवळ गेली की ती आपोआप मंदावे. वळणावर वेग जास्त झाला की अलगद कमी होई. "ब्रेक किती हलका आहे हो गाडीचा!" सिस्टर म्हणाल्या. "नुसता पाय ठेवला की थांबते."

"तू शांत आहेस म्हणून," मास्तर म्हणाले. "गाडी आपल्या मनाचा आरसा असते." हे वाक्य त्यांना पुस्तकात सापडलेलं नव्हतं, स्वतःला सुचलं होतं. त्यामुळे त्यांनी ते जरा मोठ्याने म्हटलं.

इकडे परीक्षेच्या मैदानावर मात्र विचित्र प्रकार सुरू झाला होता. मास्तरांची माणसं पटापट नापास होऊ लागली. किराणावाल्या काकू गेल्या त्या पांढरी रेषा ओलांडून थेट कुंपणाच्या तारेला टेकल्या. एक शिंपी वाटेवर मांडलेल्या प्लास्टिकच्या शंकूंची अख्खी रांग आडवी करून आला. परीक्षक हे बारमाही सर्दीचे गृहस्थ. गाडीत बसले की एका हातात रुमाल, दुसरा हात छातीशी, आणि तोंडातून अवाक्षर नाही. ते एवढंच म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडची मंडळी हल्ली गाडी चालवतात छान. थांबवत नाहीत." आणि शिंकले.

मास्तरांना त्याचं कारण ठाऊक होतं. माणसं झोपेत जगतात, दुसरं काय! त्यांनी काकूंना मेणबत्तीवालं पुस्तक वाचायला दिलं. काकूंनी ते गल्ल्याखाली ठेवलं, कारण गल्ल्याच्या टेबलाचा एक पाय आखूड होता.

मग सिस्टरांची परीक्षा आली. मास्तर कुंपणाबाहेर उभे होते, चेहऱ्यावर मंद हसू, लक्ष श्वासावर. सिस्टरांनी गाडी झकास काढली. शंकूंमधून नागमोडी नेली, मागे घेतली, चढावर आणली. मग उतारावर पांढरी रेषा आली. रेषा गेली. त्यापुढचा शंकू गेला. आणि कचेरीच्या शिपायाने साहेबांसाठी टेबलावर मांडून ठेवलेल्या चहाला धक्का देऊन गाडी उभी राहिली. परीक्षक साहेबांनी रुमाल नाकावरून काढून आधी चहाकडे बघितलं, मग कागदावर शेरा मारला.

"मी पाय ठेवला होता!" सिस्टर गाडीतून उतरताच म्हणाल्या. "देवाशपथ, पाय ठेवला होता मी ब्रेकवर. ती थांबलीच नाही."

आता इथे शहाण्या नवऱ्याने काय बोलावं? काहीही बोलावं, नाहीतर काहीच बोलू नये. आमच्या मास्तरांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तू त्या क्षणात नव्हतीस."

सिस्टरांनी तो हात उचलून बाजूला केला आणि त्या चालत घरी गेल्या. किल्ली या वेळी गाडीलाच होती, पण मास्तरांना गाडी चालवत घरी जायचा धीर होईना.

सिस्टर रडल्या नाहीत. त्या कामाला लागल्या, आणि ते जास्त वाईट होतं. घरातली सगळी भांडी घासली गेली, घासलेलीही घासली गेली. परीक्षेची आणखी एक तारीख मिळत होती, ती व्हॅन यायच्या अगदी तोंडावर. तीही गेली की सगळं संपलं. सिस्टर मास्तरांशी बोलत नव्हत्या. बोलायचं असलंच तर लेकीमार्फत. "बाबांना विचार, पोळी हवी का." मास्तर समोरच बसलेले असत.

मास्तरांनी मेकॅनिकला बोलावून ब्रेक तपासून घेतला. ब्रेक उत्तम होता. मग त्यांनी पुस्तकांचा आधार घेतला. डोळेवाल्या पुस्तकात शरीराचं निरीक्षण असा एक सराव दिलेला होता. डोळे मिटून खुर्चीत बसायचं आणि टाळूपासून सुरू करून एकेका अवयवाकडे लक्ष न्यायचं. कपाळ, जबडा, मान, खांदे, असं खाली खाली. मास्तर तो रोज करत, पण आजवर पोटाच्या खाली कधी पोचलेच नव्हते. छातीशी आले की डोळे जड होत, आणि पोटाशी येईतो गाढ झोप. लेक त्याला 'बाबांचं निरीक्षण घोरतंय' असं म्हणायची.

त्या रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते पुन्हा बसले, पुन्हा पेंगले आणि दचकून जागे झाले.

"बाबा," लेक समोर अभ्यास करत होती, "रोज पोटाशीच झोप लागते ना तुम्हाला? मग खालून सुरू करा की. पायापासून."

पुस्तकात तसं नव्हतं. पण पुस्तकात बायको बोलेनाशी झाली तर काय करावं, हेही नव्हतं. मास्तरांनी डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा लक्ष थेट पायांवर नेलं. डावं पाऊल. फरशी गार. ठीक. उजवं पाऊल. फरशी गार. ठीक.

इतक्यात वरच्या मजल्यावरून सिस्टर धुण्याची बादली घेऊन निघाल्या. त्यांचा जिना उतरण्याचा एक खास ढंग होता, धाड धाड धाड, दोन दोन पायऱ्या. आणि मास्तरांच्या लक्षात आलं की आपलं उजवं पाऊल फरशीवर दाबलं जातंय. साधंसुधं नाही. टाच घट्ट, बोटं वळलेली, पोटरी दगडासारखी, गुडघा ताठ. सिस्टर खाली पोचल्या तसं ते सैल पडलं.

मास्तरांनी डोळे उघडले. "आईला सांग, पुन्हा एकदा वर जाऊन खाली ये."

"बाबा, तुम्हाला जिवाची भीती नाही का?"

"मग तू जा."

लेक जिना चढली आणि धावत उतरली. पाय दाबला गेला, पण थोडाच. मग मास्तरांनी तिला काचेचा मोठा बाऊल हातात घेऊन उतरायला लावलं. पायाने फरशी फोडायचीच काय ती बाकी ठेवली. डावा पाय शेजारी निवांत बसलेला, जणू त्याचा या घराशी काही संबंधच नाही.

मास्तर उठले, अनवाणीच बाहेर गेले आणि गाडीचं दार उघडून खाली वाकले. पुस्तकं यायच्या सुमारास दोन्हीकडच्या पेडलांवर त्यांनी एकदमच नवं रबर बसवलं होतं. शिकणाऱ्याच्या बाजूच्या ब्रेकवरचं रबर बघितलं. खाचा शाबूत, जवळजवळ नवं. मग स्वतःच्या बाजूचं बघितलं. घासून गुळगुळीत, मधोमध खालचं लोखंड दिसत होतं. मास्तर तिथेच रस्त्याकडेला बसले.

इतके दिवस गाडी कोण थांबवत होतं? काकूंची, शिंप्याची, सिस्टरांची? आधी निदान ते ओरडायचे, त्यामुळे समोरचा माणूस घाबरून का होईना स्वतःचा पाय दाबायचा. एवढी पुस्तकं वाचून त्यांनी रागाला तोंडातून हाकललं, आणि तो बेटा गुपचूप खाली उतरून बुटात जाऊन बसला. मास्तर श्वासाकडे बघत राहिले आणि पाय आपलं काम करत राहिला. शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडल आपसूक खाली गेलं, आणि त्या बिचाऱ्यांना वाटलं, ब्रेकवर नुसता पाय ठेवायचा असतो.

सिस्टर स्वयंपाकघरात ओटा पुसत होत्या. मास्तर दारात उभे राहिले.

"तू खरंच पाय ठेवला होतास," ते म्हणाले.

सिस्टरांनी पुसणं थांबवलं नाही.

"आणि मी शिकवताना दर वेळी तो दाबत होतो. माझ्या बाजूने. मला माहीत नव्हतं गं. आत्ता कळलं. तुला ब्रेक मारायला मी शिकवलंच नाही."

फडकं थांबलं. सिस्टर हळूहळू वळल्या. आधी त्यांना समजलं नाही, मग समजलं, आणि मग त्यांचा चेहरा असा लाल झाला की मास्तर एक पाऊल मागे सरकले. "म्हणजे इतके दिवस ती गाडी मी चालवतच नव्हते?"

"चालवत तूच होतीस. थांबवत मी होतो."

"आणि मी इकडे शेजारीपाजारी सांगत सुटले, आमचे हे किती शांत झालेत!"

"तेवढं खरं आहे की."

"डोंबल खरं!" सिस्टरांनी फडकं मोरीत फेकलं. "अहो, त्यापेक्षा ओरडा. तुमचं ओरडणं मला ऐकू तरी येतं. ऐकू आलं की भांडता येतं. हा असला गुपचूप पाय मला दिसणार कसा?"

मास्तर खाली बघत होते, त्या पायाकडेच. त्यांना डोळेवाल्या पुस्तकातलं वाक्य आठवलं की जे आहे त्याचं नाव घ्या. आत एक अमुक आलेलं आहे, असं ते म्हणणार होते. पण तोंडातून सरळच निघालं. "मला भीती वाटते."

"कसली?"

"घाटाची. तू एकटी जाशील त्याची. तू जाशील, याचीच."

सिस्टरांचा राग उतरला असं नाही, पण तो जरा बाजूला सरकून उभा राहिला. त्या पुढे आल्या. "जाणारच आहे मी," त्या म्हणाल्या. "आणि संध्याकाळी परत येणार आहे. येऊन स्वयंपाक तुम्ही केलेला असणार आहे. आता चला, गाडी काढा."

त्यानंतरचे दिवस गावाला अजून आठवतात. पाय तिथे असेपर्यंत तो दाबणार, हे मास्तरांना कळून चुकलं होतं. लक्ष ठेवून तो आवरेना. एका पायावर लक्ष ठेवावं तर समोरून ट्रक येई. शेवटी मास्तरांनी बूट काढून मागच्या सीटवर टाकले आणि पुढच्या सीटवर चक्क मांडी घातली. पुस्तकाच्या मुखपृष्ठावरचा तो पाठमोरा माणूस बसतो, अगदी तशी. फरक एवढाच की तो माणूस गप्प होता. "हळू! अगं हळू! ब्रेक! तुला गाडी कुणी दिली?" मास्तर मांडी घालून बेंबीच्या देठापासून ओरडत, आणि सिस्टर दुप्पट आवाजात "तुम्हीच दिलीत!" असं ओरडून ब्रेक मारत. पहिल्या दिवशी गाडी एका कुंपणाच्या झुडपात शिरली. दुसऱ्या दिवशी झुडपाच्या अलीकडे थांबली. नंतर नंतर मास्तर ओरडायला तोंड उघडत आणि गाडी आधीच थांबलेली असे. तेव्हा ते उघडलेलं तोंड कशासाठी तरी वापरायचं म्हणून जांभई देत.

नापास झालेल्यांच्या घरीही ते जाऊन आले. झालेलं सांगितलं, पुन्हा फुकट शिकवीन म्हणाले. शिंप्याने लगेच माफ केलं. काकूंनी मात्र आधी गल्ल्याखालचं पुस्तक परत घेऊन जायला लावलं.

शेवटच्या परीक्षेच्या दिवशी काकू मुद्दाम बघायला आल्या आणि मास्तरांना खेटून कुंपणाशी उभ्या राहिल्या. परीक्षक साहेब शिंकत गाडीत बसले. शिपायाने चहाचं टेबल या वेळी खूप मागे नेलं होतं. सिस्टरांनी शंकू पार केले, गाडी मागे घेतली, चढाव चढल्या. मग उतार आला. मास्तरांनी श्वास पकडायचा प्रयत्न केला, तो सापडला नाही. गाडी रेषेकडे येत होती. फार वेगात येत होती. निदान मास्तरांना तसं वाटलं.

"आई गं! मेले!" काकू किंचाळल्या. "मास्तर, माझा पाय! माझ्या पायावर उभे आहात तुम्ही!"

मास्तर उभे नव्हते, दाबत होते. सगळं वजन टाकून, दातओठ खाऊन, काकूंच्या अंगठ्यावर. आणि गाडी थांबत नव्हती. ती तशीच पुढे येत राहिली, मास्तरांच्या पायाला न जुमानता, आणखी थोडी, आणखी थोडी, आणि मग अगदी स्वतःच्या मनाने, रेषेच्या अलीकडे, सावकाश उभी राहिली. आतमध्ये परीक्षक साहेबांनी रुमालाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

मास्तरांच्या डोळ्यांत पाणी होतं. काकूंच्याही होतं, पण त्यांचं कारण वेगळं होतं.

व्हॅन आली ती सोमवारी. नवीकोरी, पांढरी. सकाळी सिस्टर पांढऱ्या साडीवर स्वेटर घालून तयार होत्या. लेक कॉलेजची बॅग घेऊन दारात थांबली होती. मास्तरांनी व्हॅनचे टायर दाबून बघितले, आरसे पुसले, काच पुसली, पुसलेली काच पुन्हा पुसली. मग शेजारच्या सीटचं दार उघडून ते खाली वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"काय शोधताय?" सिस्टरांनी विचारलं.

"इकडे पेडल नाहीये," मास्तर म्हणाले.

"नाहीच. तिथे लशींची पेटी ठेवायची आहे. व्हा बाजूला."

मास्तर बाजूला झाले. त्यांनी स्वतः पेटी उचलून त्या सीटवर ठेवली, तिला पट्टा लावला, ओढून बघितला आणि दार लावलं. सिस्टरांनी इंजिन सुरू केलं. मास्तरांनी तोंड उघडलं. जन्मभर जो शब्द त्या तोंडातून सगळ्यात आधी निघत आला होता, तो जिभेवर येऊन बसला होता.

"काय?" सिस्टरांनी काच खाली केली.

"काही नाही. जा."

व्हॅन कोपऱ्यावर वळली आणि घाटाच्या रस्त्याला लागली. मास्तर बघत उभे राहिले.

"बाबा," लेक म्हणाली, "पाय."

मास्तरांनी खाली बघितलं. उजवी चप्पल मऊ मातीत चांगली रुतली होती. त्यांनी ती उपसली नाही. "राहू दे," ते म्हणाले. "तिला काही लागत नाही त्याने." आणि तसेच एका पायावर जोर देऊन, व्हॅनचा आवाज पार मिटेपर्यंत उभे राहिले. मग आत जाऊन त्यांनी संध्याकाळच्या स्वयंपाकासाठी काय काय लागतं ते लेकीला विचारलं.